केडगावची परीक्षा

मराठी ख्रिस्ती माणूस लहानपणापासून जी प्रभूची प्रार्थना म्हणत आला आहे, तिच्यात इंग्रजीतल्या 'टेम्प्टेशन' या शब्दाच्या जागी 'परीक्षा' हा शब्द योजलेला आहे. मोह किंवा प्रलोभन हे शब्द भाषांतरकारांना माहीत नव्हते असे नाही. संतवाङ्मयाने ते घरोघर पोचवले होते. मूळ ग्रीक 'पेइरास्मोस' या शब्दात भुलवणे आणि पारखणे या दोन्ही छटा आहेत आणि मराठीने पारखण्याची छटा उचलली. या निवडीचे परिणाम दूरवर गेले. मोहात माणूस एकटा असतो, तो आणि त्याला खुणावणारी वस्तू. परीक्षेत मात्र परीक्षक असतो, विषय असतो आणि निकाल वाचणारे लोकही असतात. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती जीवनाचा इतिहास वाचताना हा भेद मनात ठेवावा लागतो, असे आम्हांला वाटते.

जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चे हरि केशवजी यांनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर १८४१ साली निघाले. मराठीतील आरंभीच्या भाषांतरित कथात्मक गद्यात त्याची नोंद आपण सारेच परीक्षेपुरती करतो आणि पुढे जातो. त्या कथेतला भक्त वाटचाल करताना एका बाजारात येतो. तिथे पदव्या, सुखे, मानमरातब, संपत्ती सारे विकायला मांडलेले असते आणि काही विकत न घेता पलीकडे जाणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. प्रलोभनाचे हे चित्र स्वच्छ आहे, उपदेशाला सोयीचे आहे आणि पुढच्या मराठी ख्रिस्ती प्रवचनांवर त्याची गडद छाया आहे. प्रश्न एवढाच, की ज्यांच्यापुढे हे चित्र ठेवले गेले त्या शिरूरच्या आणि भीमथडीच्या माणसांच्या वाट्याला असा बाजार कधी आला होता का? त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी विकत घेण्यासारखे काही नव्हते आणि त्यागण्यासारखे फार थोडे होते.

हा मुलूख अवर्षणाचा. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ६५ किलोमीटरवर घोड नदीकाठी शिरूर आहे; जुनी माणसे गावाला अजून घोडनदीच म्हणतात. दक्षिणेला भीमा ओलांडली की दौंड तालुका. इंग्रजी अमदानीत हा भाग भीमथडी तालुक्यात मोडत असे. कुकडी, घोड, खडकवासला यांच्या कालव्यांचे पाणी आणि साखर कारखाने आल्यावर या भागाचे रूप पालटले. पण १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तीन दुष्काळांतली इथली भुई कोरडी होती. १८७५ साली सावकारांविरुद्ध पेटलेले दख्खनचे दंगे याच भीमथडीतल्या सुप्याला सुरू झाले, हेही विसरता येत नाही. येथे 'ऐहिक मोह' या शब्दांचा अर्थ लावायचा तर तो भाकरीपासून लावावा लागतो. शुभवर्तमानातही सैतानाने येशूपुढे ठेवलेली पहिली परीक्षा भाकरीचीच आहे.

शिरूरला लष्कराची छावणी होती, पुढे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे आले. रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनी तिथे चालवलेल्या औद्योगिक शाळेत सुतारकाम आणि घायपाताच्या वाखाचे काम शिकवले जाई. अशा शाळांमागचा हेतू नुसता धंदेशिक्षणाचा नव्हता. या भागात ख्रिस्ती झालेले लोक मुख्यतः महार-मांग समाजातले होते. त्यांचे पोट बलुत्यावर आणि बलुते गावकामावर, आणि गावकामात जत्रेची, देवाच्या मानपानाची, मेलेली जनावरे ओढण्याची कामे येत. नव्या धर्माने यांतली काही कामे निषिद्ध केली. ती सोडावीत तर बलुते जाते आणि करावीत तर मंडळीत दोष लागतो. मग पोट भरायला मिशनची नोकरी उरते. शिक्षक, उपदेशक, पुस्तके विकणारा. मिशनच्या पगारावर जगणारा माणूस देवाला चिकटून आहे की पगाराला, हा प्रश्न मग गावही विचारू लागते आणि कधीकधी मिशनरीही. विन्सरसारख्यांच्या हातातला रंधा आणि घायपात हे त्या प्रश्नावरचे उत्तर होते. पोट आणि सदसद्विवेक एकाच दोरीने बांधलेले असू नयेत, हे त्यांना कळले होते.

याच शिरूरातली एक गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १८०९ साली येथे वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेस या इंग्रजी फौजेतील अधिकाऱ्याची कबर गावात आहे. त्याच्या न्यायीपणाची आठवण लोकांत राहिली आणि लोकांनी त्याला 'सत्पुरुष' ठरवले. कबरीवर नैवेद्य दाखवला जाऊ लागला, नवे धान्य वाहिले जाऊ लागले. मुंबई सरकारच्या गॅझेटियरच्या १८८५ सालच्या पुणे खंडात याची नोंद आहे. म्हणजे एकाच गावात हिंदू शेतकरी ख्रिस्ती कबरीला निःशंक मनाने नैवेद्य दाखवत होता आणि शेजारच्या वस्तीतल्या नवख्रिस्ती माणसाला मात्र कुठलाही नैवेद्य निषिद्ध होता. पहिल्याचा देव पाहुण्याला सामावून घेणारा होता, दुसऱ्याला अनन्यता पाळायची होती. नवख्रिस्ती माणसाच्या निष्ठेचा ताण शेजाऱ्यांना का कळला नाही, हे या कबरीपाशी उभे राहिले की समजते.

ही सारी पार्श्वभूमी ध्यानात घेऊन केडगावकडे वळले पाहिजे. पुण्याहून रेल्वेने सुमारे ५५ किलोमीटरवर, दौंडच्या अलीकडे हे स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन येथे आहे. रमाबाईंचे चरित्र नव्याने सांगण्याचा आमचा हेतू नाही. देवाशी निष्ठा राखणे म्हणजे त्यांच्या आयुष्यात नेमके काय घडत गेले आणि ते मोहाच्या बाजारचित्रात का बसत नाही, एवढेच पाहायचे आहे.

आमच्या मते या गोष्टीचा आरंभ १८८३ सालच्या बाप्तिस्म्यापाशी नाही. तो १८७४ सालच्या सुमारास, दक्षिणेतल्या दुष्काळात आहे. अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल उडुपीला पंडितसभेपुढे उभे राहिलेले गृहस्थ. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब हिंडत असे. दुष्काळ पडल्यावर जवळचे होते नव्हते ते दानधर्मात आणि देवकार्यात खर्च झाले. भीक मागणे कमीपणाचे आणि अंगमेहनतीचे काम वर्णाला न शोभणारे, म्हणून उपास घडत गेले. अखेर अनंतशास्त्र्यांनी जलसमाधीचाही विचार केला. प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे काही महिन्यांत गेली. रमाबाईंनी पुढे हे सारे लिहून ठेवले ते कठोरपणे. त्या श्रद्धेतले व्यर्थपण त्यांनी झाकले नाही. पण १९०७ साली लिहिलेल्या 'माझी साक्ष' या पुस्तकात वडिलांच्या अखेरच्या बोलण्याची जी आठवण येते तिचा सूर अगदी वेगळा आहे. आपण तिला देवाच्या हाती सोपवले आहे, तिने त्याचीच होऊन राहावे आणि जन्मभर त्याचीच सेवा करावी, असे वडिलांनी आपल्या धाकट्या मुलीला सांगितले होते. तेव्हा ती सुमारे सोळा वर्षांची होती.

त्या आज्ञेतला देव रमाबाईंनी बदलला. आज्ञा मात्र बदलली नाही, असे आमचे वाचन आहे. उपाशीपोटी नियम न सोडणारा बाप त्यांनी पाहिला होता. निष्ठेचा पहिला धडा त्यांना एका वैष्णव ब्राह्मणाकडून मिळाला होता. ख्रिस्ती चरित्रकार या धड्याकडे अंधारातून उजेडाकडे जाण्याच्या वाटेवरचा खड्डा म्हणून पाहतात, तर राष्ट्रीय वृत्तीच्या चरित्रकारांना त्यानंतरचे सारेच नकोसे वाटते. दोघेही मधला धागा तोडतात.

इंग्लंडमधल्या वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकाचे शिक्षण घेण्याची इच्छा वाढत्या बहिरेपणामुळे सोडावी लागली आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या शिकू-शिकवू लागल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मराठीच्या विद्यार्थ्याने तो वाचावाच. एक निराधार विधवा, पदरी लहान मुलगी, परका देश, खाणेपिणे दुसऱ्याच्या हाती; अशा स्थितीत ही बाई आपल्या उपकारकर्त्यांशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालते, शाकाहार सोडत नाही, क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत असे विचारते. पुरुष विद्यार्थ्यांना तिने शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले, तेव्हा त्याचा तिने स्पष्ट निषेध केला. सिस्टर जेराल्डीन यांना या सगळ्यात अहंकार दिसला. ख्रिस्ती परिभाषेत गर्व हे पापांचे मूळ आणि आज्ञाधारकपणा हा सद्गुण; तेव्हा त्यांच्या दृष्टीने मोहात सापडली होती ती रमाबाई. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणे हाच मोह होता. तो मोह सुखकर होता. मान दिली असती तर भाकरी, निवारा, मुलीचे शिक्षण आणि प्रेमसुद्धा मिळत राहिले असते. सिस्टर जेराल्डीन यांचे प्रेम खोटे नव्हते, म्हणूनच ही परीक्षा अवघड होती.

पुढचा प्रसंग पुण्याचा. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथल्या व्याख्यानांतून आणि 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' या १८८७ च्या पुस्तकातून बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले, अट अशी की विधवांच्या शाळेत धर्मशिक्षण असू नये. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सल्लागारांत रानडे, भांडारकर अशी नावे होती. याच शाळेत शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विवाह केला. रमाबाई शाळेत धर्म शिकवीत नव्हत्या. त्या आपल्या खोलीत मोठ्याने प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या.

त्या उघड्या दारावरून वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दुसरीकडे काही मिशनरी रमाबाईंना उलट बोल लावीत होते, की हाती आलेल्या मुलींना उघडपणे ख्रिस्त सांगत नाही ती कसली ख्रिस्ती! दार लावून घेतले असते तर पुण्याची सहानुभूती टिकली असती. शाळेत बायबल शिकवले असते तर मिशनांचा पाठिंबा मिळाला असता. रमाबाईंनी बॉस्टनला दिलेला शब्द अक्षरशः पाळला आणि दारही उघडे ठेवले.

येथे आम्हांला रमाबाईंची सरसकट वकिली करायची नाही. विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य होते. सासरी-माहेरी कुठेच थारा नसलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीला जिने प्रथम मायेने वागवले, तिच्या प्रार्थनेला त्या मुलीने जाऊन बसणे हे कितपत स्वेच्छेचे? शिक्षकाच्या व्यक्तिमत्त्वाचा दाब असतो. वर्गात उभे राहणाऱ्या आपणांपैकी कोणालाही हे नाकारता येणार नाही. पण टीकाकारांपैकी किती जणांनी त्या मुलींना दुसरे दार उघडून दिले, हा प्रश्नही त्याच दमात विचारायला हवा. १८९६ साली कर्व्यांनी अनाथबालिकाश्रम काढला, तो या वादाचा एक चांगला परिणाम म्हणता येईल.

रमाबाईंच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे याच वर्षांत त्यांचे अंतरंग बदलले. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी आपल्याला असे उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त आपल्याला भेटला नव्हता, असे त्या 'साक्षे'त म्हणतात. मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. शास्त्र कळणे आणि देव भेटणे यांतले अंतर आपल्या संतांनी शतकानुशतके सांगितले आहे. रमाबाईंनी ते अंतर सुवार्तावादी ख्रिस्ती परिभाषेत मांडले, पण पांडित्याविषयीचा तो अविश्वास इथल्या मातीतलाही आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी छावण्यांतल्या मुलींवर वाईट माणसांची नजर असते, हे त्यांना ठाऊक होते. सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगचे नियम कडक झाले होते, म्हणून शाळेच्या उत्पन्नासाठी फळबाग करावी या हेतूने केडगावला आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर या मुली उतरल्या. या सगळ्या धांदलीत, मे १८९७ मध्ये, रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून पुण्यातल्या प्लेग इस्पितळाच्या कारभारावर आणि तिथे नेलेल्या आपल्या एका मुलीच्या बेपत्ता होण्यावर जाहीर बोट ठेवले. विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत प्रकरण गेले, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला, पण रमाबाईंनी ते मागे घेतले नाही. सरकारच्या मर्जीवर अनेक परवानग्या अवलंबून असलेल्या संस्थाचालिकेने ते पत्र लिहिले, ही बाब त्यांच्या निष्ठेच्या इतिहासात महत्त्वाची आहे. 'ख्रिस्ती म्हणजे सरकारधार्जिणी' हे समीकरण मांडणारे या पत्राचा उल्लेख टाळतात. पुढे १९१९ साली कैसर-ए-हिंद पदक मिळाले हेही खरे. तोवर त्या केडगाव सोडून फारशा कुठे जात नव्हत्या.

१८९८ मध्ये बॉस्टनच्या मदतीची दहा वर्षे संपली. शारदा सदन तटस्थच राहिले; मुक्तिसदन मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे झाले आणि पुढे शारदा सदनही केडगावला आले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचे रोजचे दोन वेळचे अन्न! रमाबाईंनी ठरवले की माणसांपाशी मागायचे नाही, देवापाशी मागायचे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथालयाची आणि हडसन टेलर यांच्या चीनमधल्या कामाची हकीकत त्यांनी वाचली होती. तेव्हा विदेशी भक्तिसाहित्यातून आलेले हे तत्त्व होते, पण अयाचित वृत्तीने जगणारा ब्राह्मण कोणाच्या डोळ्यांपुढे येणार नाही? अनंतशास्त्री भीक न मागता मेले. त्यांच्या मुलीने मागायचे नाही हा नियम ठेवला, पण काम करणे कमीपणाचे ही समजूत मात्र मुळापासून उपटून टाकली. केडगावात शेती होती, विहिरी खणल्या, माग चालले, तेलाचा घाणा, दूधदुभते, शिवणकाम, छापखाना. बापाच्या निष्ठेतले जे माणसे मारणारे होते ते तिने काढून टाकले आणि जे टिकवणारे होते ते ठेवले. या एका फरकावर केडगाव उभे आहे.

अर्थात 'मागायचे नाही' हे पूर्णसत्य नव्हे. 'मुक्ती प्रेयर बेल' हे इंग्रजी पत्रक परदेशातल्या स्नेह्यांकडे जाई आणि त्यात कामाची हकीकत असे. गरज सांगणे आणि मागणे यांच्यामधली रेघ फार बारीक असते. पण कोणत्याही एका पंथाच्या किंवा मिशनच्या अमलाखाली संस्था गेली नाही, एवढे त्या नियमाने निश्चित साधले. देणारे अनेक देशांतले आणि अनेक मंडळ्यांतले. त्यामुळे मालक कोणीच नाही.

आणि तरीही केडगावात परीक्षकाची आणि परीक्षार्थीची जागा बदलली होती. वाँटेजला रमाबाई घेणाऱ्या होत्या, येथे त्या देणाऱ्या. मध्य प्रांतातून आलेल्या भुकेल्या मुलीला वाँटेजच्या रमाबाईसारखे 'मला हा सिद्धान्त पटत नाही' म्हणता आले असते काय? तिच्यापाशी संस्कृत नव्हते, इंग्रजी नव्हते, पत्र लिहिण्याइतकी अक्षरओळख नव्हती. जून १९०५ मध्ये केडगावात जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना, रडणे, पापांची कबुली, त्याची वर्णने जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांत छापली गेली. ती जवळजवळ सगळी पाहणाऱ्यांची आणि चालकांची आहेत. त्या मुलींनी आपल्या शब्दांत लिहिलेले इतके थोडे आहे की इतिहासकाराचा हात येथे आखडतो. काही अभ्यासकांनी या पुनरुज्जीवनाकडे सामूहिक उन्माद म्हणून पाहिले. ज्यांनी आईबाप उपासमारीने गेलेले पाहिले, छावणीत काय काय सोसले ते कोणाला सांगितले नव्हते, त्या शेकडो मुलींना एकदम मोठ्याने रडण्याची मुभा मिळाली, ही गोष्ट उन्माद या एका शब्दात मावत नाही, असे आम्हांला वाटते. मात्र त्यांच्यापुढचा पर्याय किती खरा होता, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. रमाबाईंनी तो स्वतःला विचारल्याचे त्यांच्या लेखनात आम्हांला आढळत नाही. ही त्यांच्या निष्ठेची मर्यादा आहे.

पण त्यांनी एक गोष्ट केली, जिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाहायला हवे. ज्यांना भाषा नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी आपली भाषा बदलली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिलेली ही बाई. १८८२ च्या 'स्त्रीधर्मनीति'ची भाषा संस्कृतप्रचुर, उपदेशाच्या पीठावरून बोलणारी. १८८९ च्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या पुस्तकात ती मोकळी झालेली दिसते. विनोद, उपरोध, सामाजिक निरीक्षण असे सारे त्यात आहे. आमचे वाङ्मयेतिहास बहुधा येथेच रमाबाईंचा निरोप घेतात. त्यानंतरचे लेखन 'धार्मिक' म्हणून बाजूला पडते. मराठीतल्या संतांचे सगळे लेखनही धार्मिकच आहे, हे त्या वेळी कोणाला आठवत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर हाती घेतले. मराठी बायबल आधीपासून होते. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीपासून त्याची परंपरा आहे. रमाबाईंची तक्रार अशी की उपलब्ध भाषांतराची मराठी खेड्यातल्या आणि नुकते वाचू लागलेल्या बायकांना कळत नाही, आणि त्यातले काही संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ आपल्याबरोबर घेऊन येतात. म्हणून त्यांनी बोलीजवळची, साध्या शब्दांची मराठी निवडली. याचे साहित्यगुण कोणी उणे ठरवील. मूळ वाक्यरचनेला चिकटून राहण्याच्या हट्टामुळे भाषा जागोजाग अडखळते, असे आम्हांलाही वाटते. परंतु संस्कृत हा ज्यांचा श्वास, वडिलांकडून मिळालेले एकमेव धन आणि कीर्तीचे मूळ, त्यांनी वयाच्या पन्नाशीला ते धन बाजूला ठेवून साधे लिहिणे म्हणजे काय, हे भाषेवर जगणाऱ्या माणसाला कळेल. यात्रिकाच्या बाजारात पांडित्याचे दुकान बन्यनने ठळकपणे मांडलेले नाही. रमाबाईंच्या वाटेवर तेच सर्वांत मोठे होते.

नारायण वामन टिळकांशी येथे तुलना केल्यावाचून राहवत नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी नगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' मांडला. पगाराचा प्रश्न त्यांनाही तितकाच टोचत होता. पण टिळकांनी संतांची शब्दकळा उराशी धरली, अभंग-ओवीला ख्रिस्ताकडे वळवले आणि मराठी वाचकाने त्यांना आपले मानले. रमाबाईंनी ती शब्दकळा संशयाने दूर ठेवली. मराठी वाचकाने त्यांचे भाषांतर वाचलेच नाही. साहित्य म्हणून टिळकांचा मार्ग फलदायी ठरला यात शंका नाही. रमाबाईंच्या मार्गाची किंमत मात्र त्यांना ठाऊक असावी. संस्कृत आपल्या वाचकाला कुठे नेते हे त्यांच्याइतके कोणाला कळत होते?

भाषांतराचे खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही कामे मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी केली. यांपैकी कित्येक दुष्काळातून आलेल्या, केडगावातच अक्षरे शिकलेल्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा मिरजेला वारली. संस्थेचा भार तिच्यावर सोपवावा अशी आईची अपेक्षा होती. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटची मुद्रिते पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती पुरी झाल्यावर त्या गेल्या, असे मुक्तीच्या परंपरेत सांगतात. ५ एप्रिल १९२२ ही मृत्यूची तारीख. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावहून बाहेर पडले.

विद्यापीठांच्या मराठी अभ्यासक्रमांत आज रमाबाई आहेत, प्रवासवर्णनकार म्हणून आणि स्त्रीवादाच्या पूर्वसूरी म्हणून. भाषांतरमीमांसेच्या तासाला त्यांच्या बायबलमधला एखादा अध्याय प्रचलित मराठी बायबलमधल्या त्याच अध्यायाशेजारी ठेवून वाचायला हरकत नाही. कोणता शब्द त्यांनी टाळला आणि त्याच्या जागी कोणता घेतला, याची यादी करायला एक विद्यार्थी आणि एक सत्र पुरेल.